पंधराजणांच्या बँडमधला कॅप्टन

१५ डिसेंबर, रात्र

अमेरिकी वाद्यवृंदप्रमुख आणि ट्रॉम्बोनवादक ग्लेन मिलरचे नाव निघाले की बोलणे हटकून इंग्लिश खाडीवरच्या धुक्यात शिरते. १९४४ साली आजच्याच तारखेला बेडफर्डजवळच्या ट्विनवुड फार्म तळावरून एका इंजिनाचे नॉर्समन विमान त्याला घेऊन फ्रान्सकडे निघाले आणि विमानाचा, वैमानिकाचा व दोन्ही प्रवाशांचा पुढे मागमूस लागला नाही. त्या प्रसंगावर इतके तर्ककुतर्क लढवले गेले आहेत, की त्याआधीची गणवेशातली दोन वर्षे कोणी फारशी वाचतच नाही. मला ती दोन वर्षेच अधिक विलक्षण वाटतात.

१९४२ साली मिलर अडतीस वर्षांचा होता. त्याचा वाद्यवृंद अमेरिकेत सर्वांत लोकप्रिय होता, पैसा धो धो येत होता आणि सक्तीच्या भरतीत सापडण्याचे वय जवळजवळ उलटले होते. नौदलाने नकार दिल्यावर त्याने लष्कराकडे अर्ज केला, २७ सप्टेंबरला न्यू जर्सीतल्या पॅसेइक गावी शेवटचा नागरी कार्यक्रम केला आणि स्वतःच्या हाताने उभा केलेला वाद्यवृंद मोडला. त्यानंतर हवाई दलात बदली होऊन डिसेंबरमध्ये तो कॅप्टन म्हणून अलाबामातल्या मॅक्सवेल फील्ड या तळावर आला, तेव्हा तिथल्या ‘ऱ्हिद्मेअर्स’ नावाच्या पंधराजणांच्या नृत्यवाद्यवृंदात तो ट्रॉम्बोन घेऊन बसू लागला. ज्याच्या तबकडीच्या बारा लाख प्रती खपल्या म्हणून त्याच वर्षी कंपनीने तिच्यावर सोनेरी मुलामा चढवून ती त्याला भेट दिली, तो माणूस छावणीच्या करमणूकगृहात इतर वादकांच्या रांगेत बसून जवानांच्या नाचासाठी वाजवत होता. त्याच्या चरित्रातले हे पान मला सर्वांत आवडते.

पुढे येल विद्यापीठाच्या आवारात त्याने हवाई दलासाठी नवा वाद्यवृंद बांधला. त्यात स्विंग, म्हणजे नाचाचे जॅझ संगीत, वाजवणारे होते, तसेच नामांकित सिंफनी वाद्यवृंदांतून भरती झालेले व्हायोलिनवादकही होते. संचलनासाठी त्यांनी संगीतकार डब्ल्यू. सी. हँडींच्या ‘सेंट लुईस ब्लूज’ या गाण्याची कूचगीतासारखी बांधणी केली. जुन्या अधिकाऱ्यांना ती मुळीच रुचली नाही, पण कवायतीला निघालेल्या तरुण कॅडेटांची पावले तिच्यावर आपसूक पडू लागली. मिलर शिस्तीचा इतका कडक होता, की त्याने वादकांना मिशा उतरवायला लावल्या, असे सांगतात. ट्रम्पेट वाजवणाऱ्याच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नव्हे. वाद्याचे तोंड ज्या ओठावर टेकते, त्याची सवयच बदलते. हा हुकूम मला आजही अनाठायी वाटतो.

१९४४च्या जूनअखेर हा वाद्यवृंद लंडनला पोचला आणि स्लोन कोर्ट या वस्तीत उतरला. वर जर्मनांचे उडते बाँब, म्हणजे वैमानिकाविना उडणारी स्फोटके, घोंगावत होते. मिलरने खटपट करून २ जुलैला सगळ्यांना बेडफर्डला हलवले. दुसऱ्याच दिवशी सकाळी एक उडता बाँब त्याच स्लोन कोर्टवर कोसळला आणि साठाहून अधिक अमेरिकी सैनिक ठार झाले. तिथून पुढे रेडिओचे कार्यक्रम आणि हवाई तळांवरच्या मैफली यांचा रगाडा सुरू झाला. हँगरमध्ये तात्पुरता मंच उभारायचा आणि समोर हजारो जवान जमायचे, ज्यांना जमिनीवर जागा मिळायची नाही ते थेट विमानाच्या पंखांवर चढून बसायचे. त्या श्रोत्यांपैकी कित्येकजण दुसऱ्या दिवशी पहाटे जर्मनीवर बाँबफेकीला जाणारे असत. अशा माणसांसमोर वाजवणे म्हणजे निव्वळ करमणूक, असे म्हणणाऱ्याशी मी तरी वाद घालणार नाही, पण त्याच्याशी सहमतही होणार नाही.

बीबीसीशी त्याचा खटका उडाला तो हळू आवाजातल्या जागांवरून. त्या जागा दूरच्या श्रोत्यांपर्यंत पोचत नाहीत, अशी अधिकाऱ्यांची तक्रार होती. मिलरला मात्र चढउतार सपाट करणे मान्य नव्हते. याच माणसाने शत्रूच्या सैनिकांसाठी लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत कार्यक्रम ध्वनिमुद्रित केले आणि त्यांत मोडक्यातोडक्या जर्मन भाषेत स्वतः निवेदनही केले. उच्चारांच्या बाबतीत तडजोड चालेल, सुरांच्या बाबतीत नाही, असा त्याचा हिशेब असावा.

वाद्यवृंदाने पॅरिसला जायचे ठरले तेव्हा बीबीसीने अट घातली, की तो इंग्लंडमध्ये नसेल त्या काळातले कार्यक्रम आधीच मुद्रित करून ठेवावेत. नेहमीची प्रक्षेपणे सांभाळून वादकांनी काही आठवडे हे जादा काम उपसले. त्यामुळे मिलर बेपत्ता झाल्यानंतरही ते मुद्रित कार्यक्रम ठरल्या वेळी लागत राहिले. अधिकृत बातमी २४ डिसेंबरला जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी, नाताळात, पॅरिसहून त्याच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. संचालन वाद्यवृंदाचा संगीतसंयोजक जेरी ग्रेने केले आणि युद्ध संपेपर्यंत ड्रमवादक रे मॅकिन्लीसह त्यानेच पुढची जबाबदारी वाहिली.