तुम्ही विचारलंत म्हणून: तो पळाला का नाही?

ग्रेट ऑक या नामशेष झालेल्या पक्ष्याची गोष्ट कुठेही सांगितली, शाळेत असो नाहीतर सोसायटीच्या हॉलमध्ये, शेवटी कोणीतरी हे विचारतंच. उडता येत नव्हतं, ठीक आहे, पण माणसं काठ्या घेऊन येताना दिसत होती ना, मग तो पळाला का नाही? काहीजण तर सरळ म्हणतात, इतका भोळा पक्षी टिकणार तरी कसा. मला वाईट वाटतं हे ऐकून, कारण सगळा दोष त्या पक्ष्याच्याच माथी बसतो. म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

पक्षी उत्तर अटलांटिकमधला. उभा राहिला की अडीच फुटांच्या आसपास, वजन पाचेक किलो, पाठ काळी, पोट पांढरं, चोच जाडजूड आणि तिच्यावर आडव्या खाचा. चित्र दाखवलं की सगळे पेंग्विन म्हणतात, पण त्याचा आज जिवंत असलेला सगळ्यात जवळचा नातेवाईक आहे रेझरबिल नावाचा समुद्रपक्षी, आणि तो मस्त उडतो. ऑकचे पंख आखूड होते कारण ते पाण्यात वल्ह्यांसारखे चालायचे, वर्षातला बहुतेक काळ तो समुद्रातच असायचा आणि तिथे त्याला गाठणं सोपं नव्हतं. जमिनीवर यायचा तो फक्त उन्हाळ्यात, अंडं घालायला. वर्षाला एकच अंडं, घरटंबिरटं काही नाही, उघड्या खडकावर. आणि त्यासाठी बेटं अशी निवडायची की जिथे जमिनीवरची जनावरं सहसा पोचत नाहीत. हा भोळेपणा नाही हो, ही चांगली निवड होती, हजारो वर्षं चाललेली.

माणसं त्याला आधीपासून खात होती, हेही खरंय. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर पोर्ट ओ श्वा इथे सुमारे ४००० वर्षांपूर्वीची एक कबर सापडली, तिच्यात या पक्ष्याच्या दोनशेहून जास्त चोची होत्या, बहुधा अंगरख्यावर शिवलेल्या. तरी पक्षी टिकून होता. मग १५३४ मध्ये फ्रेंच दर्यावर्दी जाक कार्तिए न्यूफाउंडलंडजवळच्या फंक बेटावर आला आणि अर्ध्या तासाच्या आत त्याच्या माणसांनी दोन होड्या भरल्या, काही पक्षी ताजे खाल्ले, बाकीचे मीठ लावून पिंपात. पुढची अडीचशे वर्षं युरोपातली मासेमारी जहाजं हेच करत राहिली, घरून मांस आणायचंच कशाला, वाटेत फुकट मिळतंय की.

पण भुकेनं जे झालं नाही ते पिसांच्या धंद्यानं केलं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गाद्या-उशांसाठी पिसं हवी होती आणि माणसांच्या टोळ्या अख्खा उन्हाळा फंक बेटावर मुक्काम ठोकायच्या. पिसं सुटावीत म्हणून पक्षी उकळत्या पाण्यात घालायचे, बेटावर लाकूड नाही, तर त्या कढईखाली जळण म्हणून पक्षीच, अंगात चरबी भरपूर असल्यामुळे ते पेटायचे. आरन थॉमस नावाच्या खलाशानं १७९४ मध्ये लिहून ठेवलंय की पक्षी मारायचीही तसदी घेत नाहीत, धरून चांगली पिसं उपटतात आणि सोलवटलेल्या अंगानं सोडून देतात मरायला. हे वाचल्यावर मला बराच वेळ पुढे काही वाचवलं नव्हतं. जॉर्ज कार्टराइट या व्यापाऱ्यानं १७८५ मध्येच बजावलं होतं की हे थांबलं नाही तर हा पक्षी जवळजवळ संपेल. थांबलं नाही. १८०० च्या सुमारास फंक बेट रिकामं झालं होतं. आज तिथे पफिन नावाचे समुद्रपक्षी बिळं करतात ती माती बरीचशी त्या ऑकच्या मढ्यांचीच आहे, खणताना हाडं वर येतात.

मग उरले आइसलंडजवळचे थोडेसे. त्यांचं मुख्य बेट १८३० मध्ये ज्वालामुखीमुळे समुद्रात गेलं, आणि वाचलेले एल्डी नावाच्या कड्यावर आले. तोवर म्युझियमवाले आणि संग्राहक यांना कळलं होतं की पक्षी दुर्मीळ झालाय, म्हणजे त्यांच्या हिशेबानं त्याची किंमत वाढली! जपायचं सोडून भराभर कातडी आणि अंडी विकत घेतली गेली.

जून १८४४ च्या सुरुवातीला एल्डीवर होडीतून माणसं उतरली, तिथे ऑकची एक जोडी होती. १८५८ मध्ये जॉन वुली आणि आल्फ्रेड न्यूटन हे दोन इंग्रज पक्षी-अभ्यासक ग्रेट ऑक शोधायला आइसलंडला गेले, हवामानामुळे एल्डीपर्यंत पोचूच शकले नाहीत, पण १८४४ मधल्या त्या होडीवरच्या लोकांना भेटून त्यांनी सगळं लिहून घेतलं. आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. ते दोन्ही ऑक पळाले. माणसं दिसल्याबरोबर कड्याच्या कडेकडेनं पळाले, माना ताठ, छोटे पंख थोडे पसरलेले, तोंडातून आवाज नाही, वेग माणसाच्या चालण्याइतका. एकाला योन ब्रांद्सोननं कोपऱ्यात गाठलं, दुसऱ्याला सिगुर्दुर इस्लेइफसोननं अगदी कड्याच्या टोकाशी, खाली पाणी दिसत असताना. त्यांचं अंडं फुटलेलं निघालं. जगातली ही शेवटची जोडी, म्हणजे शेवटची नोंद झालेली मारलेली जोडी.

सगळ्या गोष्टींमध्ये खलनायक योन आणि सिगुर्दुर हे दोघेच असतात, मला ते पटत नाही. पैसे मिळतील म्हणून खवळलेल्या समुद्रात उड्या मारून खडकावर चढणारे कोळी होते ते, मागणी दुसरीकडची होती आणि त्याआधीच्या तीनशे वर्षांत लाखो पक्षी गेले होते.

एवढं सांगितलं तरी कोणीतरी म्हणतं, पण तसाही तो नामशेष होणारच होता ना? नाही. २०१९ मध्ये जुन्या हाडांमधल्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात घसरणीचं चिन्ह दिसत नाही, पक्ष्यांमध्ये जनुकीय वैविध्य भरपूर होतं आणि हवामानाचा वगैरे काही हात नसतानाही नुसत्या शिकारीनं तो संपू शकत होता. न्यूटननं मात्र परत जाऊन जिवंत पक्ष्यांसाठी आवाज उठवला आणि १८६९ मध्ये ब्रिटनमध्ये समुद्रपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, विणीच्या काळात त्यांना मारायला बंदी घालणारा.