लोड वाढला की सेन्सिटिव्हिटी पडते: २०० ग्रॅमच्या आखूड दांडीच्या तराजूची पुढची नोंद

अखेर चोर सापडला. धारा (दांडी आणि दोन्ही पारडी ज्यांवर तोलली जातात त्या अकिकाच्या तीन कडा) साफ करून दांडी परत चढवल्यावर १ मिग्रॅला काटा किती भाग सरकतो ते दर लोडला मोजलं. रिकामा ३.२, दोन्ही पारड्यांत ५० ग्रॅम असताना २.४, १०० ला १.९, २०० ला जेमतेम १.४. अकिकाची धार चिपलेली असती तर रीडिंग दर वेळी इकडेतिकडे झालं असतं. इथे ते तेच येतं, फक्त लहान.

या आकड्यांचे व्यस्तांक मांडून पाहा: ०.३१, ०.४२, ०.५३, ०.७१. लोडबरोबर जवळपास सरळ रेष. दांडी वाकत असती तर वाढ लोडच्या वर्गाने होऊन रेष शेवटी वर उचलली गेली असती. सरळ रेष म्हणजे टोकाच्या धारा मधल्या धारेच्या पातळीखाली. आर्म (मधल्या धारेपासून टोकाच्या धारेपर्यंतचं अंतर) ७५ मिमी, काटा २०० मिमी, स्केलचा भाग १ मिमी. हिशेब सरासरी १६ मायक्रॉनवर येतो.

‘ग्रॅव्हिटी नट (दांडीचा गुरुत्वमध्य वर-खाली करणारा) वर चढवा’ हा सल्ला हमखास मिळतो. कुचकामी आहे. नटाने व्यस्तांकातून सगळ्या लोडला सारखीच वजाबाकी होते. २०० ग्रॅमला ३.२ मिळेपर्यंत नट वर नेला तर रिकामी दांडी कलंडेल. (एका पारड्याच्या सब्स्टिट्यूशन तराजूत वस्तूइतकी वजनं काढून घेतात, त्यामुळे लोड कायम राहतो, तिथे हा त्रासच नाही.)

बेत होता दोन्ही धारा १६-१६ मायक्रॉन उचलायचा. धार वर-खाली करणाऱ्या स्क्रूचा पिच ०.५ मिमी, म्हणजे साडेअकरा अंश. पण हे लिहितालिहिता ध्यानात आलं: सेन्सिटिव्हिटीत दोन्ही उणिवांची फक्त बेरीज येते. एकटी उजवी धार ३२ मायक्रॉन, म्हणजे २३ अंश उचलली तरी तिन्ही धारा एका रेषेत येतात. रेष तिरकी होते, पण काट्यावर ०.०४ भागच. डावीला हातच लावायचा नाही!

मग फक्त उजवी. पुढचा-मागचा स्क्रू सारखा फिरलाय का, हे स्टिरपवर (टोकाच्या धारेवर बसणारी, पारडं टांगायची कडी) २० ग्रॅम आधी पुढे, मग मागे ठेवून तपासायचं. शून्य हललं तर धार आडवी वळलीय. १ मिग्रॅचं विचलन बदललं तर उभी कललीय. स्क्रूला हात लावण्याआधी दांडी अरेस्टवर (धारांवरून उचलून धरणाऱ्या आधारावर) हवीच.

आता रिकामा ३.९, १०० ला ३.८, २०० ला ३.६. उरलेली घट बहुधा दांडीच्या वाकण्याची. ती राहू दे. १०० ग्रॅमची वजनं अदलाबदल करून आर्मचा फरक ०.४ मिग्रॅ निघाला. त्यासाठी आडवे स्क्रू छेडण्यात अर्थ नाही, बोर्दा या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या पद्धतीने (वस्तू आणि वजनं आळीपाळीने एकाच पारड्यात ठेवून) तोललं की तो आपोआप गळतो.

रायडरही (दांडीवर सरकवायचं तारेचं छोटं वजन) झाला. ०.३ मिमी ॲल्युमिनियमची तार, ५४ मिमी कापून वाकवली आणि ६०० च्या पॉलिशपेपरवर १० मिग्रॅला आणली. विकतचे रायडर घेताना दांडीवरचं शून्य कुठे आहे ते आधी बघा: मध्यावर असेल तर १० मिग्रॅ, डाव्या टोकाला असेल तर ५. विक्रेते हे विचारतच नाहीत.

पितळेला पॉलिश मुळीच नाही, जुनं लॅकर जातं. पुढचं काम काचपेटीच्या सरकत्या दाराचं.