हक्कावर पाणी सोडणं

मराठी शिकवते म्हटल्यावर हा प्रश्न हमखास येतो: एखाद्या गोष्टीवर ‘पाणी सोडलं’ म्हणजे तिच्यावरचा हक्क सोडला, हे कळतं, पण यात पाणी कुठून आलं?

ते आलं दानाच्या विधीतून. देणारा उजव्या तळहातावर पळीभर पाणी घेतो, काय देतोय ते गुरुजींमागून म्हणतो आणि बोटांवरून पाणी सोडत ‘न मम’ म्हणतो. हे आता माझं नाही. सांडलेलं पाणी परत गोळा होत नाही, तसं दिलेलंही मागता येत नाही. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत गाव दान दिल्याची नोंद ‘उदकातिसर्गेण’ अशी येते, म्हणजे पाणी सोडून. त्याच्याही कितीतरी आधीच्या भारहुतच्या बौद्ध स्तूपावरच्या शिल्पात अनाथपिंडिक नावाचा धनिक व्यापारी जेतवन ही बाग बुद्धाला अर्पण करतो, तेव्हा जमिनीवर नाणी पसरलेली आहेत आणि त्याच्या हातात पाण्याचं भांडं आहे. वामनाला तीन पावलं जमीन देताना बळीराजाच्या हातून पाणी पडू नये, म्हणून शुक्राचार्य झारीच्या तोंडात जाऊन बसले. पाणी पडलं नाही तर दान पुरं होत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपला ‘झारीतला शुक्राचार्य’ तिथलाच.

मेहनतीवर पाणी फिरतं किंवा पडतं, तेव्हा ते दुसऱ्या कुणामुळे किंवा नशिबाने. पाणी सोडतो तो मात्र स्वतःच्या हाताने, चार लोकांदेखत. ‘सुटणे’ आणि ‘सोडणे’ यांतही हाच फरक आहे. तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे तसाच. एक आपोआप होतं, दुसरं कुणीतरी करतं.

म्हणून ‘बहिणींनी वडिलोपार्जित जमिनीवर पाणी सोडलं’ असं कौतुकाने सांगितलेलं ऐकलं की माझा जीव कळवळतो. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा दिला. तरी हक्कसोडपत्रावर सही करायला बहिणीला माहेरी बोलावून घेतात, कधी साडीचोळी करून, कधी ‘माहेर तुटेल हं ताई’ असं सुचवून. कुणी खरोखर मनापासून सोडतही असेल. तिचा मला आदर आहे. पण जिला सोडायला लावलं, तिच्याबद्दल ‘तिने पाणी सोडलं’ असं कृपा करून म्हणू नका. तिचा वाटा काढून घेतला, असं म्हणा.