रजा शिल्लक असते, नोंद नसते

महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात बसणाऱ्या कामगाराने वर्षात 240 दिवस भरले, की पुढच्या वर्षी दर 20 दिवसांमागे एक भरपगारी रजा मिळते. 260 दिवसांना 13. प्रसूती रजेचे दिवसही 240 मध्ये धरतात. नेमके तेच गाळले जातात, हिशेब तपासाच. 8 किरकोळ रजा वेगळ्या, त्या वर्षअखेर बुडतात. हक्काची रजा 45 दिवसांपर्यंत साठते.

अर्ज 15 दिवस आधी, लेखी द्या आणि पोच घ्या. नाकारलेल्या रजेमुळे शिल्लक 45 च्या वर गेली, तर वरच्या दिवसांचे पैसे मागता येतात. तोंडी नकार सिद्ध कसा करणार?

1 मे, 15 ऑगस्टला कामावर बोलावलं तर दुप्पट पगार आणि बदली सुट्टी, दोन्ही.