टायटल ब्लॉकमधलं 'बी' काही केल्या 'सी' होईना

व्हॉल्टमध्ये, म्हणजे ड्रॉइंगच्या फाइली सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साठ्यात, रिव्हिजन (ड्रॉइंगची मंजूर आवृत्ती) सी. डेटा कार्डवर (फाइलची माहिती दाखवणाऱ्या फॉर्मवर) सी. रिव्हिजन टेबलच्या शेवटच्या ओळीतही सी. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, टायटल ब्लॉकमध्ये (नाव-नंबरच्या चौकटीत), बी. हे ड्रॉइंग चाकणच्या ग्राहकाकडे गेलं आणि तिथल्या क्वालिटीने परत पाठवलं. त्यांचं बरोबरच होतं. एका कागदावर दोन रिव्हिजन असतील तर मशिनवरच्या माणसाने कुठल्या मापाचा पार्ट काढायचा? या एका अक्षरापायी जो वेळ गेला त्याची चीड अजून गेलेली नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत डिझाइनला आहे. गाड्यांसाठी शीटमेटलचे ब्रॅकेट आणि छोट्या असेंब्ली बनवतो. आधी सगळी ड्रॉइंग शेअर्ड ड्राइव्हवर असायची, फाइलच्या नावातच 'फायनल', 'फायनल नवीन' वगैरे. म्हणून आम्ही सॉलिडवर्क्स पीडीएम घेतलं, म्हणजे सॉलिडवर्क्समध्ये काढलेली मॉडेल आणि ड्रॉइंग, त्यांच्या आवृत्त्या आणि मंजुऱ्या सांभाळणारं सॉफ्टवेअर. सर्व्हर, फाइली हलवणं, ट्रेनिंग हे सगळं सुरळीत झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

वर्कफ्लोही साधा होता. काम चालू, मंजुरीसाठी, रिलीज्ड. मंजुरी मिळाली की सॉफ्टवेअर स्वतःच पुढचं अक्षर लावणार आणि रिव्हिजनच्या व्हेरिएबलमध्ये लिहिणार. ते व्हेरिएबल ड्रॉइंगच्या कस्टम प्रॉपर्टीला (फाइलमध्येच साठवलेल्या माहितीच्या रकान्याला) जोडलेलं, आणि प्रॉपर्टी टायटल ब्लॉकला. निदान आम्हाला तसं सांगितलं होतं.

त्रास असा की चूक दरवेळी व्हायची नाही. दहा ड्रॉइंग बरोबर निघायची आणि अकरावं फसायचं. ज्यांच्याकडून सॉफ्टवेअर घेतलं त्यांच्या सपोर्टला तिकीट टाकलं. उत्तर आलं, लोकल कॅशे (आपल्या कॉम्प्युटरवर साठलेल्या प्रती) क्लिअर करा. केली. मग, ड्रॉइंग उघडून रिबिल्ड करा आणि पुन्हा चेक-इन करा (व्हॉल्टमध्ये जमा करा). तेही केलं. मग स्क्रीनशॉट मागवले. मग दुसऱ्या इंजिनिअरकडे तिकीट गेलं आणि त्यांनी तेच स्क्रीनशॉट पुन्हा मागवले. मध्ये एकदा सुचवलं की तोवर अक्षर हाताने टाइप करा. हे ऐकून मी खरोखर संतापले. हाताने टाइप करायचं तर एवढा खटाटोप कशासाठी केला? एकदा कुणी हाताने अक्षर घातलं की ती जोडणी तुटते, आणि पुढच्या रिव्हिजनला तेच जुनं अक्षर तिथे बसून राहतं. हा सल्ला कुणी दिला तर कृपया ऐकू नका.

शेवटी मी फसलेली आणि न फसलेली ड्रॉइंग प्रिंट काढून टेबलावर शेजारी शेजारी मांडली आणि प्रत्येकावर पेनाने लिहिलं, या बदलात नक्की काय काय बदललं होतं. मग दिसलं. जिथे पार्टचं मॉडेल आणि ड्रॉइंग दोन्ही एकत्र मंजुरीला गेले होते, तिथे सगळं ठीक. जिथे फक्त ड्रॉइंग बदललं होतं, म्हणजे प्लेटिंगची टीप सुधारली किंवा एखादा सेक्शन व्ह्यू वाढवला, तिथे टायटल ब्लॉक मागे राहिला होता. ड्रॉइंग सीवर गेलं होतं, मॉडेल बीवरच होतं. टायटल ब्लॉक मॉडेलचं अक्षर दाखवत होता!

शीट फॉरमॅट (शीटची चौकट आणि टायटल ब्लॉक) एडिट करून त्या अक्षरावर डबल क्लिक केलं आणि लिंक बघितली. सॉलिडवर्क्समध्ये अशा लिंकचे दोन प्रकार असतात. डॉलर चिन्हापुढे नुसतं पीआरपी असेल तर व्हॅल्यू त्याच फाइलमधून, म्हणजे ड्रॉइंगमधून येते. पीआरपीशीट असेल तर ती शीटवरच्या व्ह्यूमध्ये जे मॉडेल आहे त्याच्यातून येते. पार्टचं नाव, मटेरियल, वजन यांना पीआरपीशीटच हवं, कारण ती माहिती मॉडेलची आहे. ड्रॉइंगच्या रिव्हिजनला पीआरपी हवं. आमचं टेम्प्लेट बाहेरच्या कुणी तरी काही वर्षांपूर्वी बनवून दिलं होतं आणि त्यात सरसकट सगळीकडे पीआरपीशीट होतं. रिव्हिजन टेबल मात्र ड्रॉइंगच्याच प्रॉपर्टीशी बोलतं, म्हणून ते बरोबर होतं. हे मी स्वतः शोधलं याचा मला अभिमान आहे, आणि सपोर्टला पहिल्याच दिवशी ती लिंक उघडून बघावीशी का वाटली नाही, हा प्रश्नही आहे. तुमच्याकडे असं झालं तर कॅशे राहू द्या, आधी लिंक बघा.

टेम्प्लेट दुरुस्त करायला चहा पिण्याएवढाही वेळ लागला नाही. पण खरी अडचण पुढे होती. प्रत्येक ड्रॉइंग शीट फॉरमॅटची स्वतःची प्रत पोटात ठेवतं. टेम्प्लेट सुधारलं म्हणून जुनी ड्रॉइंग सुधारत नाहीत, प्रत्येक उघडून शीट प्रॉपर्टीजमधून रिलोड करावं लागतं. रिलोडसाठी चेक-आउट (फाइल बदलासाठी व्हॉल्टमधून काढणं) हवं. रिलीज्ड फाइल आमच्याकडे चेक-आउट होत नाही. बदलाच्या वाटेने काढली तर मंजुरीनंतर सीचं डी होणार, आणि डी झालं की ते ग्राहकाला कळवणं आलं. मापात काहीही बदल नसताना! डिझाइनचे सर म्हणाले, करून टाका. मी नाही म्हटलं. कारण नसताना अक्षर वाढलं की खाली लोक अक्षराकडे बघायचंच सोडून देतात.

मग वर्कफ्लोमध्ये वेगळी वाट करून घेतली. रिलीज्डमधून 'फॉरमॅट दुरुस्ती'त जायचं आणि परत यायचं, रिव्हिजन वाढवण्याची ॲक्शन त्यात ठेवलेलीच नाही. परवानगी एकाच व्यक्तीला, आणि कॉमेंट लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ॲडमिनचे हक्क दुसऱ्या प्लांटच्या आयटीकडे असल्याने इथेही बराच काळ ताटकळलो. गुरुवारी आमची साप्ताहिक सुट्टी, त्या दिवशी टेस्ट व्हॉल्टवर करून बघितलं आणि मगच खऱ्या व्हॉल्टमध्ये आणलं. या वाटेने फक्त तीच ड्रॉइंग काढली ज्यांत दोन अक्षरं जुळत नव्हती. बाकीची त्यांचा पुढचा खरा बदल येईल तेव्हा रिलोड होतील. सगळं जुनं एकदम उपसू नका.

आता आठवेल तसं. व्हर्जन आणि रिव्हिजन वेगळे आहेत हे नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. चेक-इन केलं की व्हर्जन वाढतं, रिव्हिजन मंजुरीलाच. आमच्याकडे एकाने मेलमध्ये 'रिव्हिजन १४' लिहिलं होतं, ते व्हर्जन होतं.

रिव्हिजनच्या अक्षरांची यादी स्वतः बनवा. एएसएमई वाय१४.३५ या ड्रॉइंगच्या रिव्हिजनसाठीच्या अमेरिकन मानकाप्रमाणे आय, ओ, क्यू, एस, एक्स आणि झेड वापरत नाहीत. झेरॉक्सवर आय आणि एक, ओ आणि शून्य ओळखू येत नाहीत हे शॉप फ्लोअरवर गेलं की लगेच पटतं. वाय संपलं की एए.

रिव्हिजन टेबलमध्ये 'ग्राहकाच्या सूचनेनुसार बदल' असं लिहू नका. 'भोकाचा व्यास ८.५ ऐवजी ९, झोन सी-४' (झोन म्हणजे शीटच्या कडेच्या अक्षर-आकड्यांवरून ठरणारी जागा) असं लिहा आणि त्या मापाशेजारी त्रिकोणात अक्षर टाका. इन्स्पेक्शनचे काका त्रिकोण शोधूनच माप धरतात. मागच्या रिव्हिजनचे त्रिकोण ठेवायचे की काढायचे हे एकदा ठरवून सगळ्यांनी तेच पाळा.

फाइलच्या नावात रिव्हिजन घालू नका. असेंब्ली पार्टला नावाने शोधते, नाव बदललं की संदर्भ तुटू शकतो.

ग्राहकाचं बदललेलं ड्रॉइंग आलं की आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या क्वालिटी मानकाप्रमाणे त्याचा आढावा १० कामाच्या दिवसांत व्हावा अशी अपेक्षा असते. ड्रॉइंग आल्याची तारीख डेटा कार्डवर वेगळ्या रकान्यात ठेवली की ऑडिटला मेल शोधत बसावं लागत नाही.

मशिनजवळची जुनी प्रत हातात आल्याशिवाय नवी देऊ नका. आणि रिलीजनंतर स्क्रीनवर बघून समाधान मानू नका, आपोआप तयार झालेली पीडीएफ उघडून दोन्ही अक्षरं ताडून बघा. ग्राहकाकडे तीच जाते.

एक राहिलंच. ड्रॉइंगला दोन-तीन शीट असतील तर प्रत्येक शीटचा फॉरमॅट वेगळा रिलोड करावा लागतो. आमच्या एका असेंब्लीचं पहिलं शीट सी झालं होतं आणि दुसऱ्यावर बी तसंच होतं.