तुम्ही विचारलंत म्हणून: ती गाणी मी अजून का ऐकतो

आपल्या मित्राचे एवढे होऊनही तुम्ही पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडची ती गाणी कशी ऐकता, असे वसतिगृहातले जुने सोबती आणि घरची माणसे मला गेली तीस वर्षे विचारत आली आहेत. ‘संगीताचा काय दोष?’ एवढे बोलून मी विषय बदलत असे.

पिंक फ्लॉइडचा १९६७ मधला पहिला अल्बम नशेने रचला, असे म्हणणाऱ्यांशी मी आजही भांडेन. बँडचा गिटारवादक आणि गीतकार सिड बॅरेट गिटारच्या तारांवरून लायटर सरकवत असे आणि तो आवाज बिन्सन इकोरेक या प्रतिध्वनीच्या यंत्रातून जाई. त्या अल्बममधले जवळपास दहा मिनिटांचे ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’ हे वादन मधे पार विस्कटते आणि अखेरीस मूळ धुनेवर परत येते; कान आणि हात शाबूत असल्याशिवाय हे साधत नाही. मात्र लंडनच्या यूएफओ क्लबमध्ये रात्र रात्र हे सूर ऐकणाऱ्या तरुणांपैकी अनेकांनी एलएसडी या भास निर्माण करणाऱ्या अमली पदार्थाला मुक्तीचे साधन मानले होते, हेही खरे आहे. पूर्वी मी ते कबूल करत नसे.

१९९३ च्या डिसेंबरात मित्राने गोव्याहून एलएसडीत भिजवलेला टिकलीएवढा कागद आणला आणि वसतिगृहाच्या गच्चीवर तो जिभेवर ठेवला. मी घेतला नाही. पण टेपरेकॉर्डर माझा होता आणि याच अल्बमची कॅसेटही मीच निवडली होती. तासाभराने तो पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसला आणि कोणीतरी आपल्याला हाका मारत आहे, ते थांबव, असे मला पुन्हा पुन्हा विनवू लागला. कॅसेटची एक बाजू संपली, तेव्हा त्याने माझा हात घट्ट धरला होता. मी तो सोडवून घेतला, कॅसेट उलटली आणि पुन्हा लावली, कारण हेच सूर त्याला यातून बाहेर काढतील असे मला मनापासून वाटत होते. डॉक्टरांकडे आम्ही त्याला सकाळी नेले. आजार आधीपासून आत दबा धरून असावा, त्या रात्री त्याला वाट मिळाली, असे डॉक्टर म्हणाले आणि त्या वाक्याचा आधार मी फार वर्षे घेतला.

तेव्हा मला बॅरेटची कहाणी तोंडपाठ होती. त्याचे मन ढासळत गेले आणि १९६८ च्या एप्रिलात तो बँडमधून बाहेर पडला. वेड ही प्रतिभेची किंमतच असते, असे मी सगळ्यांना ऐकवत असे. ५ जून १९७५ रोजी डोके आणि भुवया भादरलेला बॅरेट ॲबी रोड स्टुडिओत आला, त्याच्याविषयीच्याच गाण्याचे काम तिथे चालले होते आणि सोबत्यांनी त्याला आधी ओळखलेच नाही. हा प्रसंग मला काव्यमय वाटायचा. तू मित्राला आजारी माणूस म्हणून पाहिलेच नाहीस, असे मी आज त्या विशीतल्या मुलाला, म्हणजे तेव्हाच्या मला, सुनावतो. मग या गाण्यांवरचे माझे प्रेम खोटे होते का, असे तो उलट विचारतो. ते खोटे नव्हते.

मित्र आता भावाकडे राहतो, औषधे नियमित घेतो. संगीत लावलेले त्याला चालत नाही. त्याला भेटून आलेल्या रात्री मी हेडफोन लावून तोच अल्बम ऐकतो. पहिली बाजू जिथे संपायची, तिथे माझा हात थांबतो. काही वेळा मी पुढचे ऐकतो, काही वेळा नाही.