गरुड न्हवं ओ ते!

खानापूर तालुक्यातल्या हलशीला जायचं होतं. बेळगावच्या बसस्थानकावर खानापूरची गाडी माझ्या डोळ्यांदेखत सुटली. पाटी कन्नडमध्ये, आणि मी पुण्याचा, कुणाला विचारायचं म्हणजे जिवावर येतं. गाडी फाटकाबाहेर गेल्यावर बाकड्यावरच्या आज्जी म्हणाल्या, "खानापूरला जाऊलालाय काय? गेली की ओ ती! पाटी मलाबी वाचाय येत न्हाई. कंडाक्टर आरडतो न्हवं, तिकडं कान द्यायचा."

मग बसा तासभर. सोबत नऊ वर्षांची भाची. समोरच्या सरकारी फलकावर कर्नाटकचं राज्यचिन्ह होतं. तिनं विचारलं, "मामा, हा दोन डोक्यांचा पक्षी कसला?"

गाडी चुकल्याचा वचपा मी ज्ञान पाजळून काढला. म्हटलं, गरुड. राजेलोकांना फार आवडतो. रशियाच्या राजचिन्हात दोन डोक्यांचा, अल्बानियाच्या झेंड्यावर काळा, तोही दोन डोक्यांचा. अमेरिकेनं १७८२ साली राजमुद्रेवर बसवला तो एका डोक्याचा. इंडोनेशियाचा तर थेट विष्णूचा गरुड: एकेका पंखाला १७ पिसं, शेपटीला ८, मानेवर ४५. का? स्वातंत्र्याची घोषणा १७ ऑगस्ट १९४५! भाची पिसं मोजायला मोबाइल मागू लागली.

"गरुड न्हवं ओ ते," आज्जी पानाला चुना लावत म्हणाल्या. "गंडभेरुंड."

हिरण्यकश्यपूला फाडला तरी नरसिंहाचा राग उतरेना, म्हणून शंकर शरभ नावाचा सिंहासारखा प्राणी होऊन आला. तेव्हा नरसिंहच दोन डोक्यांचा पक्षी झाला आणि त्याच्याशी भिडला. त्यांनी हे शेजारच्या गल्लीतलं भांडण सांगावं तसं सांगितलं. मी गुपचूप फोन काढला. म्हैसूरच्या वाडियारांचं हे चिन्ह, विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवरही हाच. कर्नाटकातल्या बळ्ळिगावीला तर १०४७ सालचा खांब आहे गंडभेरुंडाचा. रशियाबिशिया कुठल्या कुठे राहिलं. फलकाकडे पुन्हा बघितलं, तर ढालीच्या दोन्ही बाजूंना सिंहाच्या अंगाचे, सोंडवाले प्राणी उभे: शरभच ते. भाचीला ते आधीच दिसले होते.

हलशीला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. कदंब राजांचं जुनं गाव, भूवराह नरसिंहाचं देऊळ, समोरासमोर दोन गाभारे. खरं सांगायचं तर भुकेपोटी मी अर्धं देऊळ नुसतंच ओलांडलं. भाची मात्र नरसिंहापुढून हलेना. मूर्तीच्या खांद्यांमागे वाकून वाकून बघत होती.

"काय शोधतेस गं?"

"पंख."